मशीन जागे होते तेव्हा

खारेगावची खाडी ओलांडून माणकोलीच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोडाऊन सुरू होतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, अंजूर ही एकेकाळची भातशेतीची गावे. आज त्यांची नावे देशभरच्या पार्सलांवर छापली जातात. यंत्रमागांच्या भिवंडीशेजारी ही दुसरी भिवंडी उभी राहिली, त्यात जकातीचा वाटा मोठा होता. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जमिनींवर माल ठेवायला सुरुवात केली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोडाऊन राहिली. राज्याराज्यांत वेगळे लहान गोदाम ठेवण्याची गरज संपल्यामुळे इथली छपरे आणखी लांबरुंद झाली.

या छपरांखालून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे काही संगणक राबत असतात आणि त्यातले बहुतेक भिवंडीत नसतात. मुलगा रॅकसमोर उभा राहून वस्तूवर स्कॅनर धरतो. ती नोंद मुंबई परिसरातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये पोहोचते, तिथे साठा एकाने कमी होतो, बिल तयार होते, कुरिअरची निवड होते, लेबल बनते आणि पॅकिंगच्या टेबलाजवळचा प्रिंटर ते बाहेर सोडतो. मुलाच्या दृष्टीने यात क्षणही जात नाही. हे पुस्तक त्या क्षणाविषयी आहे. त्यातही, ते काम करणारे मशीन मुळात कामाला तयार कसे होते, याविषयी आहे.

ॲमेझॉनने ५ जून २०१३ रोजी भारतात दुकान उघडले, तेव्हा तिचे इथले पहिले मोठे गोदाम भिवंडीत होते. तीन वर्षांनी, जून २०१६ मध्ये, तिच्याच क्लाउड, म्हणजे भाड्याने संगणक देणाऱ्या, विभागाने मुंबई रीजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांचा समूह, सुरू केला. त्याआधी भारतातल्या कंपन्यांना या सेवेसाठी सर्वांत जवळचा पर्याय सिंगापूरचा होता. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपापली केंद्रे या परिसरात आणली. खोकी आणि ती हलवणारे संगणक असे काही वर्षांच्या अंतराने एकाच परिसरात आले. भिवंडीतल्या पोरांनी खोक्यांचे काम लगेच आत्मसात केले. संगणकांच्या कामापासून मात्र त्यांना दूर ठेवले गेले, कारण त्याची पुस्तके इंग्रजीत होती आणि शिकवणी पुण्या-बंगळुरूत. हे अंतर मला मान्य नाही. गोडाऊनच्या आयटी टेबलावर बसून रात्रपाळीत प्रिंटर आणि स्कॅनर सांभाळणाऱ्या मुलाला रांग, साठा, परतावा, पाळी हे सगळे आधीच ठाऊक असते. क्लाउडमधल्या वर्कर मशीनचे काम समजण्यासाठी लागणारा निम्मा ऐवज त्याच्यापाशी आहे. उरलेला देण्याचा हा प्रयत्न आहे.

वर्कर मशीन म्हणजे ग्राहकाला कधीच न दिसणारे मशीन. ग्राहक ॲपवर बोट ठेवतो तेव्हा त्याच्याशी बोलणारे मशीन वेगळे. ते ऑर्डर घेते, कामाची एक चिठ्ठी रांगेत टाकते आणि ग्राहकाला ‘मिळाली’ असे सांगून मोकळे होते. वर्कर रांगेतून एकेक चिठ्ठी उचलतो, काम करतो, चिठ्ठी पुसतो आणि पुढची उचलतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधली रांगेची सेवा जुलै २००६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि भाड्याने मशीन देणारी ईसीटू ही सेवा त्यानंतर महिनाभराने, ऑगस्टमध्ये आली. रांग आणि मशीन ही जोडी तेव्हापासूनची आहे. रांग लांबली तर मशिने वाढवायची, आखडली तर कमी करायची. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी जितकी मशिने लागतात त्याच्या मानाने अगदी थोडी भाऊबीजेनंतरच्या पहाटे पुरतात. भाडे सेकंदावर असल्यामुळे रिकामे मशीन ठेवणे म्हणजे पैसे जाळणे. म्हणून वर्कर मशीनचे आयुष्य तासांत मोजले जाते, कधी मिनिटांत.

त्यातून या पुस्तकाचा मुख्य प्रश्न निघतो. ज्या मशीनला जन्मल्याबरोबर कामाला लागायचे आहे, त्याला काम कोण सांगणार? माथाडींच्या टोळीत नवा माणूस आला की मुकादम त्याला शेजारी उभा करतो, कुठला माल कुठे, कुठल्या गाडीची घाई, कुठे पाय सरकतो हे चार वाक्यांत सांगतो आणि चुकला तर हाक मारतो. रात्री अडीच वाजता आपोआप उठलेल्या मशीनजवळ मुकादम नसतो. त्याला जे सांगायचे ते आधीच, पूर्ण आणि नेमके लिहून ठेवलेले असावे लागते. त्या लिखाणाला स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात.

मशीन मागितल्यावर पुढच्या मिनिटभरात काय घडते, ते सावकाश पाहू. डेटा सेंटरमधल्या एका मोठ्या सर्व्हरवर जागा राखली जाते. तिथे इमेजची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम भरलेल्या तयार डिस्कची, प्रत लावली जाते. लिनक्सचा गाभा सुरू होतो, नेटवर्क जोडले जाते, आयपी पत्ता मिळतो. इथपर्यंत त्या इमेजपासून उठलेली सगळी मशिने सारखी असतात. आपण लेबल छापणार की फोटो लहान करणार, हे त्यांतल्या एकालाही माहीत नसते. मग क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारणा करतो. हा पत्ता इंटरनेटवर कुठेही नेत नाही. मशीनखालचा क्लाउडच त्याला उत्तर देतो: तुझा ओळखक्रमांक हा, तुझा विभाग हा, आणि तुझ्या मालकाने तुझ्यासाठी हा मजकूर ठेवला आहे. त्या मजकुराला यूजर डेटा म्हणतात. त्याची सुरुवात हॅश आणि उद्गारचिन्ह या दोन खुणांनी झाली असेल, तर क्लाउड-इनिट त्याला स्क्रिप्ट समजतो आणि रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालवतो.

या दोन खुणांचा संकेत फार साध्या गरजेतून आला. ईसीटूच्या सुरुवातीच्या काळात मशीनला मजकूर देण्याची सोय होती, पण त्याचे काय करायचे हे मशीनला कळत नसे. प्रत्येक कामासाठी वेगळी इमेज बनवावी लागे. उबंटू या लिनक्स प्रकाराच्या इमेज तयार करणाऱ्या एरिक हॅमंड यांनी २००९ च्या सुमारास हा मजकूर स्क्रिप्टसारखा दिसला तर तो चालवायचा, ही पद्धत आपल्या इमेजमध्ये घातली. पुढे कॅनॉनिकल कंपनीत स्कॉट मोझर आणि सहकाऱ्यांच्या हातून क्लाउड-इनिट वाढला. आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या क्लाउडवरच्या लिनक्स मशीनमध्ये तो असतो. एका इमेजवरून हजार वेगवेगळी मशिने उठवता येतात ती या छोट्याशा कल्पनेमुळे.

नियम मात्र प्रत्येक क्लाउडचे वेगळे आहेत आणि ते आधी माहीत नसतील तर रात्री उशिरा कळतात. ॲमेझॉनवर यूजर डेटाला १६ किलोबाइटची मर्यादा आहे, मायक्रोसॉफ्टच्या अझुअरवर ६४ किलोबाइटची. ॲमेझॉनवर ही स्क्रिप्ट मशीनच्या पहिल्या सुरुवातीलाच चालते. मशीन बंद करून पुन्हा चालू केले तर, वेगळे सांगितल्याशिवाय, ती पुन्हा चालत नाही. गुगलवर स्टार्टअप स्क्रिप्ट प्रत्येक सुरुवातीला चालते. एका ठिकाणी लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीकडे नेली की हा फरक चावतो. ‘फोल्डर तयार कर’ ही आज्ञा पहिल्यांदा नीट चालते, दुसऱ्यांदा ‘फोल्डर आधीच आहे’ म्हणून अडते आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. म्हणून माझा आग्रह असा, की क्लाउड कोणताही असो, स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी परिणाम एकच राहील अशीच लिहावी. हा विचार क्लाउडपेक्षा जुना आहे. नॉर्वेत ओस्लो इथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन हे साधन लिहिले ते याच पायावर. कोणती कामे करायची ते सांगू नका, मशीन शेवटी कोणत्या स्थितीत हवे ते सांगा, असा त्याचा रोख होता. पपेट, शेफ, अँसिबल ही नंतरची सगळी साधने त्या घराण्यातली.

आता स्टार्टअप स्क्रिप्ट कोडमध्ये ठेवण्याकडे येतो, कारण या पुस्तकाचा बराच भाग त्यावर खर्च झाला आहे. क्लाउडच्या वेब पानावर जाऊन, बटणे दाबत, स्क्रिप्ट एका चौकटीत चिकटवून मशीन उठवता येते. शिकताना एकदा तसे जरूर करावे. पण धंदा चालवायचा असेल तर ती पद्धत सोडावी, असे मी स्पष्टपणे सांगतो. चौकटीत चिकटवलेली स्क्रिप्ट कुणी लिहिली, कधी बदलली, का बदलली, याचा माग राहत नाही. ज्याने चिकटवली तो नोकरी सोडून गेला की ती त्याच्याबरोबर गेली. ॲमेझॉनने २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशन आणले, २०१४ मध्ये हॅशीकॉर्पचे टेराफॉर्म आले. या साधनांनी मशीन, नेटवर्क, रांग, अधिकार आणि स्टार्टअप स्क्रिप्ट हे सगळे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिण्याची सोय केली. त्या फायली गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवल्या की प्रत्येक बदलाला तारीख मिळते, नाव मिळते आणि दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय बदल पुढे सरकू नये असा नियम घालता येतो. गोडाऊनमध्ये आवक-जावक रजिस्टर नसेल तर मालाचा हिशेब कुणी लावू शकत नाही, हे भिवंडीत कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

टेराफॉर्मचा परवाना ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने बदलला. त्यावर नाराज झालेल्यांनी ओपनटोफू नावाची खुली शाखा काढली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली. या पुस्तकातली उदाहरणे दोन्हींवर चालतात, त्यामुळे त्या वादात इथे शिरत नाही.

एका भाषेच्या पोटात दुसरी भाषा लिहिण्याचे त्रास मात्र खरे आहेत. टेराफॉर्ममध्ये डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंस यांचा अर्थ ‘इथे माझी किंमत भर’ असा आहे आणि नेमक्या त्याच खुणा बॅश या लिनक्सवरच्या आज्ञांच्या भाषेतल्या स्क्रिप्टमध्येही त्याच कामासाठी वापरतात. स्क्रिप्ट टेम्पलेटमधून जात असेल, तर कोणती किंमत टेराफॉर्मने मशीन उठण्याआधी भरायची आणि कोणती बॅशने मशीन उठल्यावर, हे लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. बॅशसाठी राखायच्या ठिकाणी डॉलर दोनदा लिहावा लागतो. तो एकदाच राहिला तर कधी टेराफॉर्म आरडाओरडा करते, म्हणजे वाचलो. कधी मात्र दोन्हीकडे त्याच नावाची किंमत असते आणि भलतीच किंमत निमूटपणे भरली जाते. दुसरा त्रास विंडोजवर लिहिणाऱ्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जादा अक्षर ठेवते. लिनक्स पहिल्या ओळीत ‘बॅश’ शोधण्याऐवजी ‘बॅश आणि ते अक्षर’ अशा नावाचा प्रोग्राम शोधू लागतो, आणि तो कुठेच नसतो. पडद्यावर स्क्रिप्ट अगदी निर्दोष दिसते. यावर एका संपूर्ण प्रकरणाची गरज नव्हती, पण मी ते लिहिले आहे, कारण शिकणाऱ्यांचे मनोधैर्य इतके खचवणारी दुसरी चूक मला ठाऊक नाही.

मशीन बंद पडले तर कळते. मशीन चालू आहे पण कामाला लागले नाही, हे कळत नाही. या क्षेत्रातला सर्वांत महागडा धोका हाच आहे. स्टार्टअप स्क्रिप्ट अर्ध्यात मोडली तरी क्लाउडच्या तक्त्यावर मशीन हिरवेच दिसते, कारण वीज आहे, नेटवर्क आहे, लिनक्स जागे आहे. वर्कर प्रोग्राम सुरूच झालेला नाही, हे मुद्दाम तपासल्याशिवाय क्लाउडला समजत नाही. आता यावर स्वयंचलित वाढीचा नियम ठेवा. रांग लांबते आहे म्हणून नियम आणखी मशिने मागवतो. ती त्याच मोडक्या स्क्रिप्टने उठतात आणि तशीच स्वस्थ बसतात. रांग आणखी लांबते, आणखी मशिने येतात. गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या टेबलांवर खोकी साचतात, लेबल निघत नाही, बाहेर टेम्पो खोळंबतात आणि भाड्याचा आकडा तेवढा चढत राहतो. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला, कोणतीही आज्ञा फसली तर तिथेच थांब, अशी सूचना आहे. शेवटी वर्कर खरोखर रांगेशी बोलू लागला का याची तपासणी आहे, आणि ती फसली तर मशीनने स्वतःलाच बंद करून तशी खबर द्यावी अशी सोय आहे. काय चुकले ते क्लाउड-इनिटच्या लॉगमध्ये सापडते. पण मशीन गेले की लॉगही जातो, म्हणून तो बाहेर पाठवण्याची व्यवस्था स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींतच हवी.

तारखेचा एक मुद्दा भिवंडीत विशेष लागू पडतो. क्लाउडमधली मशिने सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण, वेळेवर उठतात. ‘मध्यरात्री दिवसाचा साठा बंद कर’ असे लिहिलेले काम मग आपल्या पहाटे साडेपाचला होते. तोवर रात्रपाळीने भरलेल्या गाड्या नाशिकच्या वाटेला लागलेल्या असतात आणि त्यांचा माल आदल्या दिवसाच्या खात्यात पडतो. मशीन यूटीसीवरच ठेवावे आणि भारतीय वेळेचा हिशेब प्रोग्राममध्ये करावा, असे माझे मत आहे. काही जण मशीनचीच वेळ बदलतात. दोन्हीपैकी एक ठरवा आणि ते स्क्रिप्टमध्ये लिहा. इमेज बनवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

पासवर्ड स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये लिहू नये, हा नियम मी विनाअपवाद मानतो. यूजर डेटा हा गुपित ठेवण्याचा डबा नाही. मशीनवर चालणारा कोणताही प्रोग्राम सर्वसाधारणपणे त्या १६९.२५४ च्या पत्त्यावर विचारून तो वाचू शकतो आणि तीच स्क्रिप्ट गिटमध्येही पडून असते. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे १० कोटी अमेरिकनांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. त्या प्रकरणात चोराने चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या फायरवॉलकडूनच त्या आतल्या पत्त्यावर विचारणा करवून घेतली आणि तिथून तात्पुरत्या किल्ल्या मिळवल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने त्या आतल्या पत्त्यावरून उत्तर देणाऱ्या सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी टोकन मागावे लागते आणि मगच उत्तर मिळते. पुस्तकातली सगळी मशिने दुसऱ्या आवृत्तीची सक्ती करूनच उठवली आहेत. गुपिते मशीनला दिलेल्या भूमिकेच्या अधिकारातून, वेगळ्या तिजोरीतून, गरज पडेल तेव्हा आणली आहेत.

स्क्रिप्टमध्ये किती काम ठेवायचे, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा वाद आहे. त्याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या हॉटस्टार या व्हिडिओ सेवेचे. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरमध्ये भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना रंगला होता. धोनी खेळत असताना हॉटस्टारवर एकाच वेळी २.५३ कोटी लोक सामना पाहत होते. तिथल्या अभियंत्यांनी नंतर जाहीर व्याख्यानांत सांगितले, की प्रेक्षकसंख्या मिनिटाला १० लाखांहून अधिक वेगाने वाढे आणि त्यांच्या ॲप्लिकेशनला उठायलाच मिनिटाहून जास्त वेळ लागे. मशीन मागवून, त्यावर सॉफ्टवेअर चढवून, मग कामाला लावायला गेले असते तर तोवर आणखी लाखो लोक दाराशी आले असते. म्हणून त्यांनी सगळे सॉफ्टवेअर आधीच आत भरलेल्या इमेज वापरल्या आणि मशिने गरजेआधीच उठवून ठेवली. मार्टिन गप्टिलच्या फेकीवर धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक झपाट्याने बाहेर पडले. तो उतारही सोपा नव्हता, कारण सामना सोडणारे लाखो लोक एकदम ॲपच्या मुख्य पानावर येऊन आदळतात.

गोडाऊनच्या मागे चालणाऱ्या वर्करवर असा महापूर येत नाही, पण तत्त्व लागू पडते. पाच मिनिटे सॉफ्टवेअर उतरवणारी स्क्रिप्ट म्हणजे पाच मिनिटे भाडे भरून काही न करणे, आणि इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी भांडारावर विसंबून राहणे. ते भांडार त्या रात्री बंद असेल, किंवा त्याने काल नवी आवृत्ती ठेवली असेल आणि आपली स्क्रिप्ट आवृत्तीचा क्रमांक न सांगता ‘ताजी दे’ म्हणत असेल, तर सकाळी चाललेली गोष्ट संध्याकाळी चालत नाही. उबंटूवर आणखी एक अडचण येते. मशीन उठताच पार्श्वभूमीला आपोआप होणारे अपडेट पॅकेजचे कुलूप धरून बसतात आणि आपल्या स्क्रिप्टला ताटकळावे लागते किंवा ती फसते. इमेज बनवणारे पॅकरसारखे साधन २०१३ पासून आहे. जड सामान त्याने आधीच इमेजमध्ये भरावे. स्क्रिप्टकडे फक्त जन्माच्या क्षणीच ठरणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात: हे मशीन चाचणीचे की खऱ्या कामाचे, कोणत्या रांगेचे, लॉग कुठे पाठवायचा, आणि वर्कर सुरू करण्याची आज्ञा. माझ्या मते चांगली स्टार्टअप स्क्रिप्ट पडद्याच्या एका पानात मावते. १६ किलोबाइटची मर्यादा ज्याला टोचते, त्याने मर्यादेवर उपाय शोधण्याआधी आपली इमेज तपासावी.

याचे महत्त्व संकटाच्या दिवशी कळते. पडघा हे भिवंडी तालुक्यातले गाव. कळवा-पडघा ४०० केव्हीच्या यंत्रणेत १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याचा मोठा भाग अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरांना बॅटऱ्या आणि डिझेल जनित्रांचा आधार असतो. शिवाय एका रीजनची केंद्रे वेगवेगळ्या झोनमध्ये विखुरलेली असतात. मुंबईत ॲमेझॉनने दोन झोनने सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तिसरा जोडला. क्लाउड जमिनीवरच आहे, आपल्याच खांबांवरच्या तारांवर आहे, एवढे तो दिवस दाखवून गेला. एखादा झोन खरोखर गेला, तर त्यातली शेकडो मशिने उरलेल्या झोनमध्ये एकदम उठू लागतात आणि सगळ्यांच्या स्क्रिप्ट एकाच क्षणी त्याच भांडाराच्या दारात गर्दी करतात. ज्यांच्या इमेजमध्ये सगळे आधीच आहे, ती मशिने त्या गर्दीत नसतात.

उठण्याइतकेच विझण्याचेही लिहावे लागते. स्वस्तातली स्पॉट मशिने ॲमेझॉन दोन मिनिटांच्या सूचनेवर परत घेते. ती सूचना त्याच आतल्या पत्त्यावर येते, आणि ती ऐकणारे कुणीतरी स्टार्टअप स्क्रिप्टनेच बसवलेले असावे लागते. सूचना आली की नवी चिठ्ठी उचलायची नाही, हातातले काम संपवायचे, जमले नाही तर चिठ्ठी रांगेत परत जाऊ द्यायची. रांगेची सेवा उचललेली चिठ्ठी काही काळ इतरांपासून लपवते, ॲमेझॉनवर न सांगितल्यास ३० सेकंद. तेवढ्यात काम झाल्याचे कळले नाही तर ती पुन्हा सर्वांना दिसू लागते. म्हणजे एकच लेबल दोन वर्कर बनवू शकतात. गोडाऊनमध्ये दोन लेबले निघाली की दोन खोकी भरली जातात, एक गिऱ्हाईक दोनदा खूश होते आणि महिनाअखेरीस साठ्यातली तूट टेबलावरच्या मुलाच्या नावावर लागते. तो मुलगा निर्दोष असतो. वर्करने काम सुरू करण्याआधी ‘हे झाले आहे का’ असे विचारायला हवे होते, आणि ते विचारण्याची सोय कुणीतरी लिहायला हवी होती. हा मजकूर लिहिताना मला सतत त्या मुलाची आठवण होत होती.

कंटेनर आणि ते अनेक मशिनांवर चालवणारे कुबर्नेटिस आल्यावर हे सगळे जुने झाले, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. कुबर्नेटिसचे वर्कर नोड हीसुद्धा मशिनेच आहेत. आपला क्लस्टर कोणता, त्याच्या दारावर ओळख कशी पटवायची, किती स्मृती स्वतःसाठी राखायची, हे त्यांनाही उठताना सांगावे लागते आणि ते यूजर डेटामधूनच सांगितले जाते. वरचा मजला बदलला आहे, जिना तोच आहे. म्हणून कुबर्नेटिसचे प्रकरण मी शेवटी ठेवले. आधीची प्रकरणे केल्याशिवाय ते वाचल्यास आज्ञा पाठ होतील, पण नोड ‘तयार नाही’ असे सांगून बसला की कुठे पाहायचे ते कळणार नाही.

पहिल्या प्रकरणात एकच लहान मशीन उठवायचे आहे. त्याच्या रांगेत खोटी लेबले टाकायची, मशीन काम करत असतानाच ते मध्येच मारायचे आणि त्याच्या जागी उठलेल्या दुसऱ्याने उरलेली लेबले पुरी केली का, एखादे दोनदा तर छापले नाही ना, ते मोजायचे. त्यासाठी साधा लॅपटॉप आणि मोबाइलचे इंटरनेट पुरते. ॲमेझॉनवर लिनक्स मशीनचे भाडे ऑक्टोबर २०१७ पासून सेकंदावर आहे, किमान एका मिनिटाचे. त्यामुळे सरावाला फार पैसे लागत नाहीत, मात्र चालू ठेवून झोपलात तर लागतात. संध्याकाळी सगळे नष्ट करण्याची आज्ञा द्या. ती त्याच फायलींवर चालते. दुसऱ्या दिवशी त्याच फायलींतून, एकही बटण न दाबता, सगळे पुन्हा उभे राहिले तर दुसरे प्रकरण उघडा.